उकळीला लागणारा वेळ

पाणी १०० अंशांना उकळते, हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो. ते सगळीकडे खरे नाही, हे सातारा जिल्ह्यातल्या माणसाला महाबळेश्वरात कळते. सुमारे १३७० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यातली डाळ लवकर शिजत नाही. या वाक्याची दुसरी उणीव मात्र डोळ्यांना दिसत नाही. उकळण्याजोगे झालेले पाणी त्याच क्षणी उकळते, असे ते गृहीत धरते. या गृहीतकाची, आणि त्यावर उभ्या असलेल्या संगणकीय प्रतिमानांची, मला येथे समीक्षा करायची आहे.

कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठाने गेले की गाळपाच्या हंगामात कारखान्यांची धुराडी सोबत करतात. तिथे उसाचा रस १०० अंशांच्या थोडा वर तापवून उघड्या दाबाच्या टाकीत सोडतात. दाब उतरताच रस उसळतो. त्यात विरघळलेली हवा निघून जाते, आणि पुढच्या टाकीत गाळ तरंगत न राहता तळाला बसतो. या टाकीला कारखान्यात ‘फ्लॅश टँक’ म्हणतात. चुलीवरच्या उकळीला खालून आच लागते. इथे आच वाढवलेली नसते, फक्त दाब काढून घेतलेला असतो.

याचा जोर आकड्यांनी कळतो. १५० अंशांचे पाणी द्रवरूप राहायला हवेच्या दाबाच्या पावणेपाच पट दाब लागतो. असे एक किलो पाणी एकदम बाहेर सोडले, तर वजनाने दहावा हिस्साही वाफ होत नाही. पण तेवढीच वाफ सुमारे १५५ लिटर जागा व्यापते. आता हे पाणी नॉझलमधून, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या तोटीतून, जाते असे समजा. वाफ तोंडाशीच झाली, तर तीच वाट अडवते आणि पाणी कमी बाहेर पडते. वाफ व्हायला उशीर झाला, तर पाणी पाणी म्हणूनच निसटते आणि जास्त बाहेर पडते. उकळीचा हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असला, तरी आखूड नॉझलमध्ये पाण्याचा मुक्कामही तेवढाच असतो.

सर्वांत जुने आणि सोपे प्रतिमान हा उशीर शून्य मानते. त्यामुळे आखूड नॉझलसाठी ते प्रत्यक्षापेक्षा कमी प्रवाह सांगते. सेफ्टी व्हॉल्व्ह निवडताना ही चूक उपकारक ठरते, कारण हिशेबाने व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठाच येतो. पण उकळत्या पाण्याची नळी फुटली तर किती पाणी बाहेर येईल, हे त्याच सूत्राने काढले, तर शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा धोका कमी दिसतो. सूत्र तेच आणि चूकही तीच. ती कोणाला वाचवते आणि कोणाला भाजते, हे तिला विचारलेल्या प्रश्नावर ठरते. या विषयातले माझे मुख्य म्हणणे हेच आहे.

१९९० मध्ये बिलिकी आणि केस्टिन यांनी ही उणीव प्रामाणिकपणे मान्य केली. पाणी समतोलापासून जितके दूर, तितक्या ओढीने ते वाफ होऊ पाहते, पण त्याला ठरावीक वेळ लागतो, असे त्यांनी मांडले. हा वेळ किती, हे मात्र सिद्धान्तातून निघत नाही. तो मोजावा लागतो. १९९६ मध्ये डाउनार-झापोल्स्की आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी सूत्र दिले. त्याचा आधार होता फ्रान्समधले ‘मोबी डिक’ नावाचे प्रयोग. प्रयोगाला कादंबरीचे नाव, हे साहित्याच्या वाचकाला गंमतीचे वाटेल. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. नळीतून जाणाऱ्या गरम पाण्यावर बेतलेले हे सूत्र पुढे मोटारीच्या इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांसाठीही वापरले गेले. त्यांची छिद्रे पाव मिलिमीटरहून लहान आणि द्रव वेगळा. एका कादंबरीवरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या भाषेतल्या कवितेला लावावा, तसे हे झाले. निष्कर्ष बरोबर येऊही शकतो, पण तो तिथे तपासावा लागतो.

आपल्या रसाचेच पाहा. त्यात विरघळलेली हवा असते, उसाच्या चोथ्याचे बारीक कण असतात. बुडबुडा जन्मायला असा आधार मिळाला की उशीर घटतो. स्वच्छ पाण्याचा वेळ गढूळ रसाला लावता येणार नाही. सूत्रात बुडबुड्याचे जन्मस्थान नाही, भिंतीचा खडबडीतपणा नाही. हे सगळे एका आकड्यात दडपलेले आहे.

तरी मी या प्रतिमानाला चांगली साहित्यकृती म्हणेन. ते आपले अज्ञान लपवत नाही, एका जागी गोळा करून ठेवते. दोष वाचकाचा असतो. संगणकाच्या पडद्यावरच्या रंगीत चित्रात निळे पाणी लाल वाफेत विरताना दिसते आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. अशा चित्रासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा: हा वेळ कुठल्या द्रवावर, कुठल्या नळीत मोजला? उत्तर आले, तर चित्र वाचता येते. नाही आले, तर त्या चित्राच्या भरवशावर कोणालाही गरम नळीजवळ उभे करू नये.