सेवेची सहल

परगावी जावे, आठ-पंधरा दिवस लोकसेवा करावी आणि त्या निमित्ताने प्रदेशही पाहावा, ही रीत सुशिक्षित कुटुंबांतील तरुणांत अलीकडे रूढ होत आहे. तीस सेवा-पर्यटन असे नाव मिळाले आहे. हेतू स्तुत्य खराच. परंतु ही सेवा घडते कोणाची, याचा विचार झाला पाहिजे.

या प्रश्नाचा पडताळा वर्धा परिसरातच मिळतो. 1935 साली मगनवाडीत राहत असता गांधीजी व त्यांचे सहकारी वर्ध्यालगतच्या सिंदी गावी सफाईस जात. सफाई करणारे थोर होते, कामही आवश्यक होते. पण ते काम गावाने मागितलेले नव्हते. त्यामुळे गावकरी बहुधा पाहत राहिले. पुढे 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावी राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. रोज येऊन परतणे आणि गावचेच होऊन राहणे, यांतील अंतर या स्थलांतरात दिसून येते.

याच्या उलट उदाहरण वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे. 1950 नंतरच्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे नाना देशांतील तरुण तेथे आले व कुष्ठरोग्यांसमवेत राबून त्यांनी इमारती उभारल्या. येथे पाहुण्यांना बाबा आमटे यांनी बोलावले होते. काम यजमानांनी ठरविले होते. शिवाय भिंतींहून मोठा लाभ निराळाच झाला. परके लोक रोग्यांच्या हातचे अन्न निःशंकपणे खातात, हे पाहून आसपासच्या लोकांची भीती ओसरू लागली. हे काम स्थानिकांच्या हातून सहजी झाले नसते.

मात्र याच रीतीचे विपरीत रूपही जगाने पाहिले आहे. नेपाळ व कंबोडिया येथे परदेशी सेवकांच्या पैशावर अनाथालये वाढली. त्यांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात होते. दयेला गिऱ्हाईक मिळाले की दुःखाचाही बाजार मांडला जातो, तो असा. त्यात दर पंधरवड्यास नवा ‘दादा’ वा ‘ताई’ येऊन जाते. मुलांच्या वाट्याला फक्त निरोप येतात. अकुशल पाहुणा भिंत बांधतो, तेव्हा गावच्या गवंड्याची मजुरी बुडते, हेही विसरता येत नाही.

आणखी एक दोष पक्षपाताचा. मुंबईकडून येणारी गाडी नदीचा पूल ओलांडून आधी पुलगावास थांबते, मग वर्ध्यास जाते. पण सेवेच्छू मंडळी सेवाग्रामची वाट धरतात. पुलगावास तीर्थाचे माहात्म्य नाही म्हणून तेथे गरजाही नाहीत, असे कसे म्हणावे?

आमच्या मते कसोटी तीन प्रश्नांची आहे: बोलावले कोणी, काम ठरविले कोणी, आणि पाहुणा गेल्यावर ते चालविणार कोण? तिन्हींचे उत्तर ‘गाव’ असेल तर अवश्य जावे. नसेल तर शिकावयास जावे आणि त्यास शिक्षणच म्हणावे. सेवेचे नाव देऊ नये.