स्विचची यादी कोण लिहितो?

पाठ्यपुस्तकातील उणीव पुष्कळदा तज्ज्ञांच्या आधी विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. नेकनूरच्या एका बारावीच्या वर्गात संगणकांच्या जाळ्यांचा धडा चालू होता. एका मुलीने विचारले, "सर, स्विच यादीत पाहून पॅकेट पाठवतो हे कळलं. पण कोणता संगणक कुठल्या वायरीवर आहे, हे त्या यादीत लिहिलं कोणी?" आम्ही पुस्तक पुन्हा उघडले. उत्तर तिथे नव्हते. उलट, स्विच जे कधीच करत नाही असे एक काम मात्र तिथे त्याच्या नावावर मांडलेले होते.

पुस्तक एनसीईआरटीचे, बारावीच्या संगणकशास्त्राचे, प्रकरण दहावे. ते महाजालावर विनामूल्य मिळते, म्हणून आमच्यासारखे अनेक शिक्षक ते संदर्भाला घेतात. त्यातील चांगले आधी सांगू. हब आलेले सगळ्यांकडे पाठवतो, तर स्विच पॅकेटवरचा पत्ता वाचून ठरावीक ठिकाणीच पाठवतो, आणि एकाच वेळी अनेक पॅकेटे हलवू शकतो, हा फरक पुस्तकाने मोजक्या शब्दांत नेमका मांडला आहे. आमची तक्रार पुढच्या तीन गोष्टींबद्दल आहे.

पहिली गोष्ट यादीची. इथरनेटच्या प्रत्येक पॅकेटवर (त्याला फ्रेम म्हणतात) ४८ बिटांचे दोन पत्ते असतात : आधी घेणाऱ्याचा, मग पाठवणाऱ्याचा. पुस्तक पहिल्याविषयीच बोलते. सगळी गंमत दुसऱ्यात आहे. समजा, नेकनूरच्या एसटी थांब्यावर चिठ्ठ्या पुढे पाठवायला एक नवखा माणूस बसवला आहे. एक रस्ता मांजरसुंब्याकडे, दुसरा केजकडे, तिसरा गावात. त्याला कोणीच ठाऊक नाही. केजकडच्या गाडीतून सलमाने विठ्ठलला लिहिलेली चिठ्ठी आली. विठ्ठल कुठे राहतो हे त्याला माहीत नाही. पण सलमा केजच्या बाजूला आहे, एवढे आत्ताच कळले! तो वहीत तशी नोंद करतो आणि चिठ्ठीच्या झेरॉक्स काढून उरलेल्या दोन्ही रस्त्यांनी पाठवतो. गावातून विठ्ठलचे उत्तर आले की विठ्ठलचीही नोंद होते, आणि ते उत्तर फक्त केजकडे जाते. पुढे विठ्ठलने वहीत नोंद असलेल्या गावातल्याच कोणाला लिहिलेली चिठ्ठी याच्या हाती पडली, तर ती तो कुठेच पाठवत नाही. तिला थांब्यापर्यंत यायचे कारणच नव्हते.

स्विचची चिप हेच करते. पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून शिकायचे, घेणाऱ्याचा पत्ता पाहून पाठवायचे, आणि माहीत नसेल तर ज्या वायरीवरून आले ती सोडून सगळीकडे पाठवायचे. बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद एखाद्याचे काहीच आले नाही तर त्याची नोंद पुसली जाते. म्हणून संगणक एका टेबलावरून दुसऱ्यावर हलवला तरी जाळे बंद पडत नाही. म्हणजे यादी कोणी लिहीत नाही, वाहतूकच ती लिहिते. त्या मुलीला द्यायचे उत्तर एवढेच होते.

ही यादी चिप शोधते कशी? सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या वायरीवर लहानात लहान पॅकेटे एकामागून एक आली, तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार येतात. प्रत्येकाला ६७२ नॅनोसेकंद मिळतात. वरून खाली यादी वाचायला वेळ नाही. म्हणून पत्त्यावर गणित करून नोंदीची जागाच काढतात. हे हॅशिंग याच पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात शिकवले आहे! दोन प्रकरणांना जोडणारे एक वाक्य असते, तर परीक्षेपुरते वाटणारे हॅशिंग मुलांना वर्गातल्या खोक्यात दिसले असते.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. स्विच बिघडलेले संदेश टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ते पुन्हा पाठवायला सांगतो, असे पुस्तक म्हणते. हे दुसरे काम इथरनेट स्विच करत नाही. पॅकेटच्या शेवटी ३२ बिटांची तपासणी-संख्या असते. ती जुळली नाही तर चिप पॅकेट मुकाट्याने टाकते आणि फार तर चुकांच्या मोजणीत एक वाढवते. मुलांनाच विचारावे : पॅकेट बिघडलेले आहे, तर त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता शाबूत आहे कशावरून? मग सांगायचे कोणाला? पुन्हा पाठवण्याची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांवर असते. टीसीपीमध्ये पोच आली नाही की पाठवणारा पुन्हा पाठवतो. यूडीपीमध्ये तेवढेही नाही.

वाक्याचा पहिला अर्धा भागही सरसकट खरा नाही. बाजारात आलेला पहिला इथरनेट स्विच १९९० चा. तो बनवणाऱ्या कंपनीचे नाव 'कल्पना'. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तो स्विच घेणाऱ्याचा पत्ता वाचताच पॅकेट पुढे सोडू लागे. तपासणी-संख्या तर शेपटाला असते. ती येईपर्यंत डोके पलीकडे पोचलेले असे. अर्थात बिघडलेले पॅकेटही पुढे जाई. आजचे बहुतेक स्विच पूर्ण पॅकेट घेऊन, तपासून मगच सोडतात. पण वेगासाठी जुनी पद्धत वापरणारे आजही आहेत.

यात मोठे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की पुस्तकातले वाक्य पाठ करणाऱ्याला गुण मिळतात आणि विचार करून खरे लिहिणाऱ्याचे जाण्याची भीती राहते. शिवाय मधले यंत्र साधे आणि वेगवान ठेवावे, काळजी टोकांनी घ्यावी, हे आजच्या जाळ्यांमागचे मूळ तत्त्वच मुलांपर्यंत उलटे पोचते.

तिसरी गोष्ट न सांगितलेली. 'ठरावीक ठिकाणीच' हे वाचून मुलांना वाटते, आपले पॅकेट दुसरा कोणी पाहू शकत नाही. पत्ता माहीत नसताना ते सगळीकडे जाते, हे वर आलेच. त्याशिवाय ज्या स्विचला सूचना देता येतात, त्यातील चिपला 'या वायरीवरच्या प्रत्येक पॅकेटची एक प्रत त्या वायरीवरही टाक' असे सांगता येते. याला मिररिंग म्हणतात. बिघाड शोधायला ते उपयोगी आहे. ज्याच्या पॅकेटांची प्रत निघते त्याला मात्र पत्ता लागत नाही. खासगीपणा स्विच देत नाही, सांकेतिकीकरण देते.

वेगळेपणा हवा असेल तर टॅग लावतात. शाळेचे कार्यालय आणि प्रयोगशाळा एकाच स्विचवर असतील, तर दोघांना वेगवेगळे गट-क्रमांक देता येतात. पॅकेट दुसऱ्या स्विचकडे जाताना चिप पाठवणाऱ्याच्या पत्त्यामागे ४ बाइटांची चिठ्ठी घुसवते आणि तपासणी-संख्या नव्याने काढते. साध्या संगणकाला देताना ती चिठ्ठी काढून घेते. गट-क्रमांकाला १२ बिट मिळतात. म्हणजे ४०९६ क्रमांक. त्यातले दोन राखीव, उरले ४०९४. बिटांचे गणित शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

वर्गात हे करून पाहायला यंत्र लागत नाही. चार मुले चार वायरी, एक मूल स्विच, फळ्यावर कोरी यादी आणि दोन-दोन नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या. पाच-सहा चिठ्ठ्यांत यादी भरते. मग दोन मुलांच्या जागा गुपचूप बदला आणि पुढची चिठ्ठी कुठे जाते ते पाहा.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत पुन्हा पाठवायला सांगण्याचे वाक्य गाळावे, आणि त्या जागी स्विच पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून आपली यादी स्वतः तयार करतो, एवढे लिहावे. धडा लांबणार नाही. तोपर्यंत ही दुरुस्ती आपणच फळ्यावर करायची आहे.