हॅमरशोल्डच्या वहीतली ‘परीक्षा’

कामाचा ताण आणि ख्रिस्ती श्रद्धा असा विषय जाहीर झाला, की बरेच जण मनात एक हिशेब मांडून येतात. ताण एवढा, त्यात श्रद्धा एवढी घातली, बाकी उरली ती शांती. हा हिशेब तपासायला मला एकच पुस्तक पुरेसं वाटतं. ते म्हणजे डाग हॅमरशोल्ड यांची वही. इंग्रजीत ती ‘मार्किंग्ज’ या नावाने मिळते. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ साधारण ‘वाटेवरच्या खुणा’ असा.

माणूस कोण, ते थोडक्यात सांगतो. जन्म 1905, वडील स्वीडनचे पंतप्रधान होते. 1953 च्या एप्रिलमध्ये हे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले आणि 1961 च्या सप्टेंबरात कांगोच्या प्रश्नावर बोलणी करायला जाताना एन्डोलाजवळ विमान कोसळून गेले. नंतर न्यूयॉर्कच्या घरात हे हस्तलिखित सापडलं, आणि 1963 मध्ये छापलं गेलं. जगातल्या सगळ्यात ताणाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची वही! लोकांनी ती उघडली ती नासर, बेन-गुरियन, ख्रुश्चेव्ह यांच्याबद्दल काहीतरी मिळेल म्हणून. आत त्यांच्यापैकी कोणीच नाही. ऑफिस नाही, बैठका नाहीत. आहे तो एक माणूस, आणि तो ज्याला जबाब देतो तो देव.

आता नोंदींचा क्रम बघा, कारण माझा मुद्दा त्या क्रमातच आहे. 1952 पर्यंतच्या नोंदी अंधाऱ्या आहेत. एकटेपण, स्वतःचा कंटाळा, मरणाचा विचारसुद्धा. 1953 च्या सुरुवातीला सूर पालटतो. झाल्या गोष्टींबद्दल कृतज्ञता आणि येणाऱ्या गोष्टींना होकार, दोन्ही एकदम. आणि सरचिटणीसपदाचं बोलावणं तेव्हा अजून आलेलंच नाही! म्हणजे ओझं आलं, माणूस वाकला, मग देवाकडे धावला, अशी जी कथा आपण सहज गृहीत धरतो, ती इथे लागू पडत नाही. होकार आधी आहे, काम मागून आलं. श्रद्धा ही इथे ताणावरची गोळी नव्हे, ती ओझं उचलण्याआधी रोवलेली पावलं आहेत.

मग ताण कमी झाला का? मुळीच नाही. 1956 च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा आठवा. सुएझवर हल्ला झालेला, त्याच आठवड्यात बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरलेले, आणि या माणसाला जवळजवळ झोपेविना, संयुक्त राष्ट्रांकडे तोवर कधीच नव्हतं असं एक शांतिदल काही दिवसांत उभं करायचं होतं. त्या आठवड्याच्या तारखेखाली वहीत काय आहे? स्तोत्रसंहितेतली वचनं, निर्धास्त आडवं होण्याबद्दलची. दिवसभर काय घडलं त्याचा उल्लेखही नाही. काम तसंच राहिलं, पण निकालाचा धनी आपण नाही एवढं त्याने रोज रात्री स्वतःला बजावलं. यावर आपल्याकडे कोणीतरी पटकन म्हणतं, सर, हा तर निष्काम कर्मयोगच. मला ही घाई पटत नाही. साम्य आहे, पण इथे फळ सोडून माणूस मोकळा होत नाही. तो एका व्यक्तीच्या, ख्रिस्ताच्या, मागे चालतो, आणि ती वाट गेथशेमानेकडे जाते. 1960 च्या डिसेंबरातल्या छोट्या कवितेत प्याल्याची प्रतिमा येते, ती तिथलीच.

मोहाकडे येऊ. मराठी बायबलात या जागी ‘परीक्षा’ हा शब्द आहे आणि मला तो फार आवडतो. ‘मोह’ म्हटलं की आपल्याला बाई, बाटली, पैसा आठवतो. हॅमरशोल्डच्या वहीत हे जवळजवळ नाही. तिथली परीक्षा कामाच्या आतून येते. आपलं कौतुक व्हावं, आपण अपरिहार्य असावं, दुसऱ्याच्या फजितीत थोडी गंमत वाटावी. 3 ऑक्टोबर 1960 ला ख्रुश्चेव्हच्या राजीनाम्याच्या मागणीला याने आमसभेत नकार दिला आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर शिव्यांपेक्षा त्या टाळ्यांची परीक्षा अवघड. आणि त्याहून बारीक परीक्षा हौतात्म्याची: मी स्वतःला कसं झिजवतो, हे मीच कौतुकाने बघणं. एलियटच्या ‘मर्डर इन द कॅथेड्रल’मधला चौथा मोह पाडणारा नेमका हाच माल विकतो. रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसून घरी त्याचा हिशेब ऐकवणारे आपल्यातही आहेत, हसू नका.

हॅमरशोल्ड या परीक्षेत पूर्ण उतरले असं मी म्हणणार नाही. पुस्तक आलं तेव्हा काही स्वीडिश समीक्षकांनी, हा गृहस्थ स्वतःला ख्रिस्त समजतो, अशी झोड उठवली. ते टोकाचं होतं. स्वतःच्या अहंकारावर इतकी बारीक नजर ठेवणारा माणूस तसा भ्रम फार काळ बाळगू शकत नाही. पण टीकेला जागा कुठून मिळाली? वहीत माणसं नाहीत म्हणून. इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत ऑडनने नेमकं यावर बोट ठेवलं, की इथे चर्चच्या सामूहिक उपासनेचा मागमूस नाही. आपल्याला सावरणारं, प्रसंगी आपल्यावर हसणारं कोणी जवळ नसलं, तर बलिदानाची भाषा जड होत जाते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून बघा. ओझं तिथेही आहे, नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, गरिबी. पण पानोपानी माणसं आहेत, पोरं आहेत, स्वयंपाक आहे, आणि बाई स्वतःवर खळखळून हसते. तिची श्रद्धा या गर्दीत वाढली, म्हणून तिला स्वतःकडे सतत बघत बसायला फुरसतच मिळाली नाही. हॅमरशोल्डला ही गर्दी मिळाली नाही, किंवा त्याने घेतली नाही. म्हणून ही दोन्ही पुस्तकं एकत्र वाचा, आधी स्मृतिचित्रे घेतलीत तर बरं. आणि ‘मार्किंग्ज’ घ्याल तेव्हा ती एका बैठकीत संपवू नका. दिवसाला दोन पानं पुरतात.