भोंडल्यातला वेडा
हस्ताचा पाऊस कर्जत-खालापुराकडच्या भातशेतीवर धिंगाणा घालीत असतो, त्या दिवसांत पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरतात. खिरापत ओळखण्यापूर्वी ‘श्रीकांता कमलाकांता’ व्हायलाच हवे. वेड्या नवऱ्याला लाडू म्हणजे चेंडू वाटतात, करंज्या म्हणजे होड्या. पोरी हसून बेजार! परंतु शेवटच्या कडव्यात तो झोपलेल्या बायकोला मेली समजून जाळून टाकतो. काही ठिकाणी हे कडवे गाळतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत १९७९ साली निघालेल्या एका नाताळगीतात आजीबाई रेनडिअरच्या पायाखाली सापडून मरतात आणि लोक खुशाल हसतात; पण ते मरण निव्वळ चूष आहे. आपल्या गाण्यात बायकोने रांधायचे, त्याने नासायचे; सारे नासून झाल्यावर उरते ती स्वतः. लाडवापासून चितेपर्यंतचा हा उतार ज्या कुणा बाईने रचला, तिला सासर पुरते ठाऊक असले पाहिजे. कडवे कापले की राहतो नुसता खुळा नवरा. कर्जतच्या एका अंगणात मी हे गाणे अखेरपर्यंत ऐकले आहे. पोरी खिदळत होत्या. ओट्यावरच्या म्हाताऱ्या मात्र खाली मान घालून तांदूळ निवडीत होत्या.