वेरुळचा कैलास आणि मिसरची देवालये

वेरुळच्या कैलासावर मराठीत आजवर झालेले आणि अजूनही होत असलेले लेखन वाचताना आमच्या मनात एक शंका राहून राहून येते. आमचे लेखक हे देऊळ पाहावयास जातात की मोजावयास? लेखणी हाती घेतली की प्रथम दगडाचे वजन येते, मग वर्षे येतात, मग पाथरवटांच्या पिढ्या येतात. आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हटकून ईजिप्तचा, म्हणजे आमच्या जुन्या लोकांच्या मिसर देशाचा, एखादा पिरॅमिड आणून ठेवलेला असतो. मिसरवासीयांनी दगडावर दगड रचला, आमच्या पूर्वजांनी डोंगर वरून खाली कोरीत आणला. रचणे सोपे, कोरणे अवघड. सबब आम्ही श्रेष्ठ. हे अनुमान ऐकावयास गोड लागते खरे, पण त्याने कैलासाची थोरवी यत्किंचितही उमगत नाही, आणि पिरॅमिडाची तर नाहीच नाही.

मोजावयाचेच असेल तर निदान नीट मोजावे. सोळाव्या क्रमांकाच्या ह्या लेण्याचे प्रांगण सुमारे 276 फूट लांब व 154 फूट रुंद असून मागील कड्याची उंची सुमारे 107 फूट आहे. ह्यातून चार लाख टन दगड काढला, हा आकडा सर्वत्र आढळतो. आता हा सगळा चौक तळापासून माथ्यापर्यंत, सर्व बाजूंनी 107 फुटांचाच आहे असे धरले, तरी गुणाकार सुमारे एक लाख 29 हजार घनमीटर होतो; आणि काळ्या खडकाचे वजन घनमीटरला तीन टन धरले, तरी बेरीज चार लाखांस पोहोचत नाही. शिवाय डोंगर पुढल्या बाजूस उतरता आहे, आणि चौकाच्या मधोमध शहाण्णव फूट उंचीचे शिखर असलेले देऊळ शिल्लकच आहे! जो दगड काढलाच नाही तोही आम्ही हिशेबात धरून बसलो आहोत. हा हिशेब केवळ चुकीचा असता तर आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु त्याच्यामुळे दृष्टी काढलेल्या दगडावर खिळते आणि ठेवलेल्या दगडाकडे जात नाही, हा त्याचा खरा दोष होय.

थक्क होऊन थांबण्याची ही खोड आजची नव्हे. राष्ट्रकूट कुळातील कर्कराजाचा इ. स. 812-13 मधील जो ताम्रपट बडोद्यास सापडला, त्यात कृष्णराजाने एलापुरास बांधविलेल्या देवालयाचे वर्णन आहे. ते पाहून आकाशमार्गे जाणारे देव विस्मित होतात, आणि ते घडविणारा शिल्पीही आपण हे कसे केले म्हणून स्वतःच चकित होतो, असा त्या प्रशस्तिकाराच्या म्हणण्याचा आशय आहे. राजाश्रित कवीस अतिशयोक्ती शोभते. पण बाराशे वर्षांनी आम्हीही तेथेच थांबावे? सांप्रत तर एक पायरी आणखी खाली उतरून, हे काम माणसाचे नव्हे, परग्रहावरील प्राण्यांचे, असे सांगणारेही निघाले आहेत. पिरॅमिडांविषयी त्यांचे म्हणणे तेच आहे; तेवढ्यापुरता दोन्ही देशांस त्यांनी समान न्याय दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यापेक्षा आमची जुनी दंतकथा पुष्कळ शहाणी. कृष्ण याज्ञवल्की ह्याच्या कथाकल्पतरूत एका राणीचा नवस येतो: देवळाचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. पायापासून बांधीत गेले तर राणी जगते कशी? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा कारागीर शिखरापासूनच आरंभ करतो. ह्या कथेत इतिहास किती हा प्रश्न वेगळा. परंतु हे देऊळ वरून खाली आले आहे, आणि त्याचे वरून खाली येणे ह्याला काही अर्थ असला पाहिजे, एवढे त्या कथाकारास निश्चित जाणवले होते. टनांचा हिशेब करणाऱ्यांस ते जाणवत नाही.

तो अर्थ कोणता, हे पाहण्यासाठी वाचकाने देवळाच्या दक्षिण अंगणात उतरावे. कैलासाचे जोते सुमारे पंचवीस फूट उंच असून ते भरीव आहे. त्याच्या सभोवार हत्ती व सिंह कोरले आहेत, आणि वरचे सारे देऊळ त्यांच्याच पाठीवर उभे आहे असा भास होतो. ह्याच जोत्यात दक्षिणेकडे एक खोल पोकळी आहे आणि तीत रावण आहे. उत्तरकांडातील ती कथा सर्वश्रुत आहे. पुष्पकाचा मार्ग अडला म्हणून क्रुद्ध झालेला रावण कैलास पर्वतच उपटावयास निघतो, पर्वत हादरतो, पार्वती भयभीत होऊन पतीस बिलगते, आणि शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत सहज दाबून त्याला खाली चिणतो. पुढे रावणाने केलेल्या स्तुतीने तो प्रसन्नही होतो, म्हणून मूर्तिशास्त्रात ह्या प्रसंगास रावणानुग्रह म्हणतात.

शिल्पकाराने ह्या कथेचे काय केले आहे पाहा. वर शिवपार्वती उजेडात आहेत. पार्वतीने पतीचा हात घट्ट धरला आहे आणि तिची दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. ती पाठमोरी, घाबरी आकृती आम्हांस सगळ्या वेरुळात अत्यंत जिवंत वाटते, कारण देवांच्या ह्या प्रसंगात खरे मानवी भय तिच्याच वाट्यास आले आहे. खाली, खडकाच्या अंधारात, गुडघा टेकून, वीस बाहूंचा पंखा पसरून रावण जोर करीत आहे. त्याची मूर्ती भिंतीपासून जवळजवळ सुटी कोरली आहे, त्यामुळे त्याच्याभोवती खरी सावली व खरी पोकळी आहे. येथवरचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आमचे म्हणणे ह्यापुढचे आहे. रावण ज्या पर्वतास हात घालीत आहे, तो पर्वत ह्या शिल्पपटापुरता नाही. त्याच्या डोक्यावर जोते आहे, जोत्यावर सभामंडप, गाभारा आणि शिखर आहे. तो हे अवघे देऊळ उचलीत आहे! कैलास हे नाव ह्या वास्तूस मागाहून पडले असे मानले, तरीही ह्या योजनेत फरक पडत नाही.

आणि हे देऊळ कसले? ज्याच्या मूळ कामात एकही चिरा उचलून दुसऱ्यावर चढविलेला नाही असले. शिखर जेथे आहे तेथेच होते, स्तंभ जेथे आहेत तेथेच होते. माणसाने केवळ भोवतालचा दगड दूर केला. हे सारे प्रचंड काम उचलण्याचा यत्न करणारा प्राणी एकच, तो रावण. आणि त्याला ते साधत नाही. बांधीव देवळाच्या जोत्यात हेच शिल्प बसविले असते तर ते एक सुंदर चित्र झाले असते, पण त्याच्या माथ्यावरचा भार माणसांनीच वर चढविलेला असता. येथे तो भार सह्याद्रीच्या मूळ खडकाचा आहे. कथेत डोंगर जागचा हलत नाही, वास्तूतही तो हललेला नाही.

हा विचार वेरुळात एकाएकी उगवलेला नाही, हे तेथील इतर लेणी पाहिली म्हणजे कळते. चौदाव्या लेण्यास तर ह्याच प्रसंगावरून रावणाची खाई असे नाव पडले आहे. एकविसावे रामेश्वर व एकोणतिसावे धुमार लेणे ह्यांतही हा प्रसंग आहे, आणि धुमार लेण्यातील पट आकाराने भव्य आहे. परंतु तेथे तो इतर पटांसारखा एक पट आहे. पर्वत दाखवावयाचा तर तो पटातच कोरून दाखवावा लागला आहे. कैलासाची घडण दक्षिणेची. पट्टदकलचे विरूपाक्षाचे देऊळ इ. स. 740 च्या सुमाराचे, आणि त्याचे कैलासाशी असलेले साम्य अभ्यासकांनी पुष्कळदा दाखविले आहे. घडण तेथून आली, कथा येथलीच भिंतीवर तयार होती. ती जोत्याखाली नेण्याची कल्पना ज्या कोणास सुचली त्याचे नाव राहिले नाही.

आता मिसर देशाकडे वळावयाचे ते ह्याच वाटेने. दोन्ही देशांतील देवालयांचे साम्य नजरेत भरते ही गोष्ट जुनी आहे. 1801 साली जनरल बेअर्ड ह्याच्या हाताखाली हिंदी फौज मिसर देशात उतरली, तेव्हा देंदेरा येथील हाथोर देवीच्या देवळात आमच्या शिपायांनी आपल्याच देवाचे स्थान म्हणून भक्तिभाव दाखविल्याची हकीगत त्या काळच्या लेखनात आली आहे. काही युरोपियन प्रवाशांनी असल्या साम्यावरून आमची लेणी मिसरी लोकांनीच खोदली असावीत असा तर्कही लढविला होता. तो केव्हाच निकालात निघाला. पण शिपायांची भावना आम्हांस अगदीच भोळी वाटत नाही. त्यांनी आकारमान मोजले नाही. अंधारा गाभारा, त्याच्याकडे नेणारी मंडपांची रांग आणि भिंतीवर देवांच्या गर्दीत गाईचे कान असलेली देवी पाहिली, आणि येथे देव राहतो हे ओळखले.

मिसरी देवालयातही पुराणकथा भिंतीवर टांगलेली नसते, ती वास्तूत मुरलेली असते. आरंभी सर्वत्र जल होते, त्यातून मातीचा पहिला उंचवटा वर आला आणि त्यावर सृष्टीस प्रारंभ झाला, ही त्यांची कथा. म्हणून देवळात आत जावे तसतशी जमीन चढत जाते, छत उतरत येते आणि उजेड मंदावतो. गाभारा म्हणजे तो पहिला उंचवटा. कर्णाकच्या महामंडपात 134 स्तंभ आहेत ते त्या आदिजलाकाठचे पपायरसचे बन होय. मधल्या बारा उंच स्तंभांचे माथे उमललेल्या फुलांचे, कारण वरच्या जाळ्यांतून उजेड तेथे पडतो. बाजूचे 122 स्तंभ सावलीत आहेत, म्हणून त्यांच्या माथ्यावर मिटलेल्या कळ्या आहेत. स्तंभाच्या माथ्याचा आकार त्यावर पडणाऱ्या उजेडाने ठरावा, ह्याहून सूक्ष्म योजना आम्हांस दुसरी माहीत नाही. सारे बन दगडाचे. पण कळी कोठे मिटावी आणि फूल कोठे उमलावे हे त्या पाथरवटांस पक्के ठाऊक होते.

आणि रावणाचा जोडीदारही तेथे सापडतो. त्यांचा वायुदेव शू हा आपली कन्या नूत, म्हणजे आकाश, दोन्ही हातांनी वर उचलून धरतो. खाली पृथ्वी पडलेली असते. अबायडोस येथील सेती राजाच्या स्मारकात हे चित्र छतावर आहे, म्हणजे जेथे आकाश असावयाचे तेथेच आहे. रावणाप्रमाणेच शूही विश्वाचा भार उचलणारा. परंतु दोघांच्या उचलण्यात किती अंतर! शूने हात खाली घेतले तर आकाश पृथ्वीवर कोसळेल. त्याचे उचलणे हीच सृष्टी. मिसरच्या माणसाने सुमारे तेवीस लाख दगड एकावर एक चढवून खुफू राजाचा पिरॅमिड उभा केला तो ह्याच श्रद्धेच्या देशात. आमच्या कथेत उचलणे हा उन्माद आहे आणि अनुग्रह खाली दाबणाऱ्या अंगठ्यात आहे. दोन्ही राष्ट्रांनी आपापल्या कथेप्रमाणे दगड हाताळला. ह्यात श्रेष्ठ कोण हे विचारण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

रचणे आणि कोरणे असा भेदही सरसकट खरा नाही, कारण मिसरी लोकांनी डोंगरही कोरले आहेत. दुसऱ्या रामसेसचे अबू सिंबेल येथील देवालय इ. स. पूर्व तेराव्या शतकातील. बाहेर कड्यावर राजाच्याच सुमारे 66 फूट उंच अशा चार बैठ्या मूर्ती, आत दोनशे फुटांवर गाभारा, आणि गाभाऱ्यात तीन देवांच्या पंक्तीस पुन्हा राजा! वर्षातून दोन दिवस उगवत्या सूर्याचे किरण तेथवर पोहोचतात. कैलासात कृष्णराजाची अशी एकही महामूर्ती नाही. ते देऊळ त्याचे, हे आम्हांस ताम्रपटावरून समजते. अबू सिंबेलचे डोंगरलेणे नाईलवरील धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून 1964 ते 1968 ह्या काळात त्याचे तुकडे करून ते सुमारे 65 मीटर वर नेण्यात आले आणि त्यामागे काँक्रीटचा घुमट घालून नवा डोंगर उभारला गेला. हे काम मोठे झाले ह्यात शंका नाही. राजाचे मुख वाचले, गाभारा वाचला, किरणही येतात. आमच्या रावणास मात्र असे हलविता येणार नाही. त्याच्यावरचा डोंगर बदलला की त्या शिल्पात सांगण्यासारखे काही उरणार नाही.

असे असता कैलासाची जी छायाचित्रे आमच्या पाठ्यपुस्तकांत व प्रवासवर्णनांत छापली जातात, ती दोनच प्रकारची असतात. एक टेकडीवरून घेतलेले: त्यात मंडपाच्या छतावरील कमळ, त्यावरचे चार सिंह आणि शिखर स्पष्ट दिसते, जोते खड्ड्यात बुडते. दुसरे केवळ रावणाच्या पटाचे, चारी बाजूंनी कातरलेले. एकात पर्वत आहे, रावण नाही. दुसऱ्यात रावण आहे, पर्वत नाही. विद्यार्थ्याने दोन्ही पाठ केली तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध त्यास कळण्याचा मार्ग नाही. छत्रपती संभाजीनगराहून सुमारे तीस किलोमीटरवर हे लेणे आहे. शाळांच्या सहली तेथे नित्य जातात. आणि मार्गदर्शक मुलांना टनांचा आकडा घोकून दाखवितात.

ह्यावरून कैलासातील सर्वच काम आम्ही एका मापाचे समजतो असे कोणी मानू नये. मंडपाच्या बाहेरील भिंतींवर एका बाजूस रामायण व एका बाजूस महाभारत ओळीओळींनी कोरले आहे. ते वाचनीय आहे, पण ते पोथीचे काम, वास्तूचे नव्हे. प्रांगणाभोवतालच्या ओवऱ्यांविषयी तर आमचे मत आणखी कठोर आहे. दोन खांबांमध्ये एक देव, पुन्हा दोन खांबांमध्ये एक देव, अशी ती रांग तीन बाजूंनी चालते. एखादी मूर्ती सुरेख आहे, परंतु त्यांतील दोन मूर्तींची अदलाबदल केली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. उत्तरेकडील ओवरीत रावण पुन्हा भेटतो. तेथे तो आपली मस्तके कापून शिवलिंगास वाहत आहे. प्रसंग भयंकर आहे, कोरणीही वाईट नाही. पण त्याच्या मस्तकावर केवळ ओवरीचे छत आहे, आणि पाहणारा दोन पावले टाकून पुढल्या देवाकडे वळतो.