हौशी, धंदेवाईक, हंगामी : मुष्टियोद्ध्याच्या कथेतील उंबरठा

मराठीत 'अमॅच्युअर' या संज्ञेला 'हौशी' हा एकच पर्याय रुळला आहे. 'प्रोफेशनल'ला मात्र दोन आहेत. 'व्यावसायिक' हा आदराचा, 'धंदेवाईक' हा नाक मुरडण्याचा. लॅटिन मुळानुसार 'अमॅच्युअर' म्हणजे प्रेम करणारा. 'हौस' ही अरबी-फारसी 'हवस'ची वंशज. तिच्यात इच्छा आहे, चैन आहे, किंचित उथळपणाही आहे. हौसेला मोल नसते असे म्हणताना ती स्वखर्चाने भागवायची असते हे गृहीत असते. तरुण मुष्टियोद्धा हौशी स्पर्धांतून धंदेवाईक रिंगणात उतरतो तेव्हा त्याच्या कथेचा अन्वयार्थ लावण्यापूर्वीच ही शब्दावली वाचकाच्या हाती एक निवाडा ठेवून मोकळी होते. प्रश्न या निवाड्याचा आहे.

या कथेचे प्रमाणरूप पाश्चात्त्य साहित्यात सिद्ध झाले. क्लिफर्ड ओडेट्सच्या 'गोल्डन बॉय' (१९३७) या नाटकातील जो बोनापार्ट हा व्हायोलिनवादक तरुण पैशासाठी आणि प्रतिष्ठेसाठी मुष्टियुद्धाकडे वळतो. त्याचा हात मोडतो, प्रतिस्पर्धी त्याच्या ठोशाने मरतो आणि अखेरीस तोही मोटार अपघातात संपतो. व्हायोलिन आणि ठोसा एकाच हाताने साधत नाहीत, हे ओडेट्सचे रूपक इतके पारदर्शक आहे की ते नाटकाला काहीसे जाचते. पण त्यामागचे आशयसूत्र टिकून राहिले. एक उंबरठा आहे, त्याच्या अलीकडे निर्मळ आनंद आहे, पलीकडे बाजार आहे, आणि तो ओलांडणे म्हणजे पतन. जॅक लंडनच्या 'अ पीस ऑफ स्टेक' (१९०९) या कथेत हे सूत्र नाही, आणि म्हणूनच ती अधिक खरी वाटते. तिच्यातील उतारवयाचा टॉम किंग मांसाच्या एका तुकड्याअभावी लढत हरतो. त्याच्या वाट्याला कोणतीही निर्मळ अवस्था कधी आलेली नाही. त्याच्यापुढे आहे तो फक्त उधार नाकारणारा खाटीक.

उंबरठ्याचे हे कथानक ज्या 'हौशी' अवस्थेला निरागस मानते, तिचा इतिहास मुळीच निरागस नाही. हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या १८७९ मधील नियमांनी अमॅच्युअरची व्याख्या करताना कारागीर, यांत्रिक आणि मजुरीवर जगणारा श्रमिक यांना स्पष्टपणे वगळले होते. शरीराने कष्ट करून पोट भरणारा मनुष्य शरीराने निखळ खेळू शकत नाही, अशी ही धारणा होती. जातिव्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नसावी. हौशीपणाचे पावित्र्य हे मुळात एका वर्गाने उभारलेले कुंपण होते. ते पुढे सौंदर्यमूल्य म्हणून मांडले गेले आणि साहित्यसमीक्षेने ते बरेचसे विनातक्रार स्वीकारले.

भारतीय मुष्टियोद्ध्याच्या संदर्भात तर या कुंपणाची जागाच बदलते. येथे नाव कमावणारा हौशी मुष्टियोद्धा पुष्कळदा नोकरदार असतो. तो सैन्यात असतो, रेल्वेत असतो, पोलिसांत असतो. त्याचा ठोसा हीच त्याची पात्रता आणि निवृत्तिवेतन हे तिचे फळ. विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंग येथे कांस्यपदक मिळवले, तो हरियाणा पोलिसांत अधिकारी झाला आणि २०१५ मध्ये त्याने 'क्वीन्सबेरी प्रमोशन्स'शी करार करून मँचेस्टरमध्ये पहिली व्यावसायिक लढत दिली. (ज्या क्वीन्सबेरीच्या नावाने १८६७ चे सभ्य नियम ओळखले जातात, त्याच नावाची ही कंपनी; इतिहासाला असा विनोद साधतो.) तेव्हा जो प्रश्न निर्माण झाला तो पावित्र्याचा नव्हता, शासकीय पदावरील व्यक्तीला अशा लढतीचे पैसे घेता येतात काय, असा तो सेवाशर्तींचा प्रश्न होता. म्हणजे येथे उंबरठा खेळ आणि पैसा यांच्यामध्ये नाही, तो पगार आणि बिदागी यांच्यामध्ये आहे.

हिंदी चित्रपटाने हे काही अंशी ओळखले आहे. 'मुक्काबाज'च्या (२०१८) नायकाला रेल्वेत नोकरी लागते आणि मग सरावासाठी वेळ मिळवणे हीच त्याची झुंज होऊन बसते. 'तूफान'मध्ये (२०२१) डोंगरीचा अझीझ अली घरासाठी पैसे घेऊन लढत हरतो आणि बंदी ओढवून घेतो. दिग्दर्शकाला येथे पतनाची कथा सांगायची आहे, परंतु मुंबईत घर मिळणे ही हौशीपणाच्या नीतीपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे संहिता नकळत बोलून जाते. कुस्तीतील खाशाबा जाधवांचे चरित्र याच्या आधीचे. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी झाली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले. कांस्यपदकानंतर १९५५ मध्ये खाशाबा पोलीस उपनिरीक्षक झाले. या चरित्रात हौस कोणाची आणि मोल कोणी दिले, हे विचारले तर 'हौशी' ही संज्ञा कोसळते.

मराठीत या शब्दांना खरा आकार मिळाला तो मात्र मैदानापेक्षा रंगभूमीवर, आणि तेथेही शहरी अनुभवच प्रमाण मानला गेला. राज्य नाट्यस्पर्धेतील हौशी संस्था आणि मुंबई-पुण्याची व्यावसायिक रंगभूमी ही विभागणी त्यातून आली. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा ज्या झाडीपट्टीचा भाग आहे, तेथील रंगभूमी या विभागणीत बसत नाही. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली, मंडई भरू लागली की गावोगाव रात्रभर नाटके होतात. पूर्वी गावातील तरुणच तालमी करून प्रयोग करीत. पुढे गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील वडसा हे नाट्यमंडळांचे केंद्र बनले. गावचे मंडळ ठरलेली रक्कम देऊन नाटक लावते आणि तिकिटे विकते. अर्जुनी मोरगावकडील एखादा तरुण गावच्या नाटकातून अशा मंडळात गेला तर तो धंदेवाईक झाला काय? हंगामात तो मानधन घेतो. पावसाळ्यात रोवणीला बांधीत उतरतो. त्याने उंबरठा ओलांडलेला नसतो, ऋतू बदललेला असतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शासनाने ज्या कलावंताचा गौरव केला, त्याचे वर्गीकरण करण्यास मराठी नाट्यसमीक्षेजवळ शब्द नव्हता.

'हंगामी' हा तो शब्द असू शकतो, आणि तो मुष्टियोद्ध्याच्या कथेलाही लागू पडतो. जत्रेच्या फडात इनामावर लढणारा आणि एरवी शेती करणारा पैलवान हा हंगामीच होता. 'सारपट्टा परंबरै' (२०२१) या तमिळ चित्रपटातील उत्तर चेन्नईचा कबिलन बंदरावर हमाली करतो आणि आपल्या परंपरेसाठी लढतो. तेथेही हौस आणि धंदा ही जोडी निरर्थक ठरते. रोलाँ बार्तने 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांच्यात भेद करताना मुष्टियुद्धाला प्रेक्षकासमोर घडत जाणारी कथा मानले, तर कुस्तीत प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण मानला. त्याच्यासमोर होती ती पॅरिसच्या दुय्यम सभागृहांतील दिखाऊ कुस्ती, खासबागेतील नव्हे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. तरीही त्याचे पहिले विधान उपयोगी आहे. हौशी लढत तीन फेऱ्यांची असते आणि गुणांवर निकालात निघते. व्यावसायिक लढत चारपासून बारा फेऱ्यांपर्यंत ताणली जाते. तीन फेऱ्यांत चपळाई पुरते. बारा फेऱ्यांत शरीराचा पूर्वेतिहास बाहेर येतो, म्हणजे खाल्लेले अन्न, केलेली मजुरी, जुने मार. कथा आणि कादंबरी यांच्यातील अंतरासारखे हे अंतर आहे. व्यावसायिक रिंगणात अंगावरचा बनियन उतरतो एवढेच नव्हे, तर काळही उघडा पडतो.

प्रत्यक्षातील सीमारेषा तर केव्हाच पुसट झाली. पुरुषांच्या हौशी लढतींतून २०१३ मध्ये शिरस्त्राण गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्यावसायिकांना प्रवेश मिळाला. कथनात मात्र उंबरठा कायम आहे, कारण तो लेखकाला सोयीचा आहे. गरीब मुलाने पैसा घेताच शोकांतिकेचा पडदा वर जातो आणि त्याआधी तो काय खात होता, कोणाच्या वर्गणीवर जगत होता, हे सांगण्याची जबाबदारी टळते. टॉम किंगच्या खाटकासारखी व्यक्तिरेखा मराठी कथेत यावयाची असेल तर ती खुराकाच्या हिशेबातून येईल. दूध, बदाम, तूप यांची उधारी वहीत मांडून ठेवणारा दुकानदार आणि ती वही पाहून मुलाला मुंबईला धाडायचे की पोलीस भरतीला बसवायचे हे ठरवणारा बाप, हे दोघे त्या कथेत मुष्टियोद्ध्याइतकेच आवश्यक आहेत.