कोंदणाचें मोल

जवाहिऱ्याची थोरवी कशांत पाहावयाची, रत्नांत कीं कोंदणांत? पॅरिसच्या कार्तिए घराण्याचा इतिहास वाचतांना हा प्रश्न पुनःपुन्हा मनांत येतो. फ्रान्सेस्का कार्तिए ब्रिकेल या घराण्यांतील जाक कार्तिए यांच्या पणती. त्यांनीं जुन्या घरगुती पत्रांच्या आधारें लिहिलेला हा इतिहास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. पत्रांमुळें त्यांतील माणसें जिवंत झालीं आहेत, यांत शंका नाहीं. परंतु गिऱ्हाइकांच्या राजवैभवापुढें घराण्याची खरी करामत मागें पडते, असें आम्हांस वाटतें.

लुई-फ्रान्स्वा कार्तिए यानें १८४७ सालीं आपल्या उस्तादाचा कारखाना हातीं घेतला. १८९९ मध्यें दुकान र्‍यू द ला पे या रस्त्यावर आलें. पुढें तिघे नातू पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील पेढ्या पाहूं लागले. इतकें यश कोणत्याहि हुशार व्यापाऱ्यास मिळतें. कलेच्या दृष्टीनें महत्त्व आहे तें प्लॅटिनमच्या धीट वापरास. तोंवर हिरे बहुधा रुप्यांत बसवीत. रुपें मऊ आणि काळें पडणारें. हिरा घट्ट धरावयाचा तर तें जाड घ्यावें लागे. प्लॅटिनम इतकें चिवट कीं, त्याची बारीक तारहि हिरा पेलते. थोरला नातू लुई यानें अठराव्या शतकांतील फ्रेंच नक्षीच्या पुष्पमाला या धातूंत उतरविल्या, आणि कोंदण जवळजवळ दिसेनासें झालें. दागिन्याची प्रतिष्ठा तोळ्यांवर मोजणाऱ्या आम्हांस हें कौतुक उमगण्यास अंमळ वेळ लागतो!

पतियाळाच्या हारानें या कोंदणाची कसोटी घेतली. महाराज भूपिंदरसिंग यांनीं आपलीं रत्नें पॅरिसच्या पेढीच्या स्वाधीन केलीं, आणि १९२८ सालीं सुमारें २,९३० हिऱ्यांचा पांचपदरी हार तयार झाला. त्यांत सुमारें २३४ कॅरटांचा पिवळा डी बिअर्स हिरा. १९४८ च्या सुमारास हार खजिन्यांतून नाहींसा झाला. तो मोठा हिरा १९८२ सालीं जिनिव्हाच्या लिलावांत एकटाच प्रगटला. मोठीं रत्नें उपटून घेतलेला सांगाडा १९९८ मध्यें लंडनला सांपडला. कार्तिए पेढीनें तो विकत घेऊन कृत्रिम खड्यांनीं पुन्हा सजविला. या प्रकरणास लोक रहस्यकथा समजतात. आम्हांस त्यांत दुसरेंच दिसतें: रत्नें नेणाऱ्यानें जें मागें टाकलें, तेंच नेमकें कार्तिएचें होतें.

मात्र हें श्रेय देतांना एक बाकी राहते. १९११ सालीं दिल्ली दरबाराच्या निमित्तानें जाक हिंदुस्थानांत आले. पानाफुलांच्या आकारांत कोरलेलीं माणकें, पाचू व नीलमणि येथून पॅरिसला गेले, आणि त्यांतून १९२० नंतरचे ते रंगीबेरंगी दागिने घडले, ज्यांस पुढें ‘तुत्ती फ्रुत्ती’ हें फळांच्या आइस्क्रीमचें नांव पडलें. येथें कोंदण मागें सरतें आणि डोळा खिळतो तो पाचूच्या पानावर, त्याच्या कोरलेल्या शिरांवर. त्या शिरा ज्या हिंदी कारागिरानें कोरल्या, त्याचें नांव दागिन्यावर नाहीं. सही तेवढी कार्तिएची आहे.